ताशी चार मैल

लोअर टिडबर्नच्या ग्रामपंचायतीचा मी कारकून आहे. पगार आठवड्यातल्या एका दिवसाचा मिळतो, उरलेल्या दिवशी लोक फुकटात फोन करतात. फोनचे विषय ठरलेले. कुत्र्यांची घाण, कुणाच्या तरी कुंपणाची झाडी कुणाच्या तरी खिडकीवर आलीय ते, आणि भरधाव गाड्या. अप्पर टिडबर्न नावाचं गाव आसपास कुठेही नाही. ते कुठे गेलं, हा विषय अजून कुणी सभेत मांडलेला नाही.

गाड्यांचा विषय दोन वर्षांपूर्वी गंभीर झाला. सिरिल टफनेल दूध आणायला गेला होता, परतताना वळणावर एका व्हॅनने त्याला उडवलं. व्हॅन थांबली नाही, सिरिल जागीच गेला. दुधाची बाटली मात्र फुटली नव्हती, असं लोक पुढे कितीतरी दिवस एकमेकांना सांगत राहिले. दुसरं काय बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं.

मग गावाने केक विकून वेगाची पाटी घेतली. सगळ्यांत जास्त केक सिरिलच्या बायकोने, मॉरीनने, भाजले. पाटी खांबावर बसते आणि समोरून येणाऱ्या गाडीचा वेग दाखवते. ताशी तीस मैलांच्या आत असलात तर हिरवा हसरा चेहरा, वर गेलात की लाल रडका. नियम असा की पाटी कायम एका जागी ठेवायची नाही, नाहीतर लोक तिला सरावतात. म्हणून गावात तीन खांब ठरवून दिलेत आणि शिडी खांद्यावर टाकून पाटी या खांबावरून त्या खांबावर नेणं हे माझं काम. विद्यापीठात मी तत्त्वज्ञान शिकलो होतो, त्याचा उपयोग शिडीवर चढताना होतो.

ऑक्टोबरात पाटी पहिल्या खांबावर होती, वळणाकडे तोंड करून. दुपारी चहाच्या सुमाराला मी बॅटरी बदलायला गेलो. पाऊस नुकताच थांबला होता. रस्त्यावर ओल्या पानांचा चिखल होता आणि कुणीतरी शेणखत टाकल्याचा वास येत होता. रस्ता रिकामा होता. पाटी लागली. चार. हसरा चेहरा.

मी मागे वळून पाहिलं. शेतात एक रानकोंबडा होता, पण तो जागचा हलत नव्हता. पाटीवर चारचा आकडा तसाच राहिला. गाडीचा वेग कमीजास्त होतो. हा चार आणि चारच होता, आणि मग, मी खांबाखाली उभा होतो तिथवर कुणी चालत पोचावं इतक्या वेळाने, विझला. मी बॅटरी बदलली आणि घरी गेलो. बॅटरीचा दोष असावा असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, नव्या बॅटरीवर, चार.

मी कंपनीला फोन केला. पलीकडे एक मुलगी होती.

"आमची पाटी पाचाच्या खालचं काही दाखवतच नाही, सर. तिला ते येतच नाही."

"चार दाखवतेय."

"नाही दाखवत."

"मी समोर उभा राहून बघतोय."

"सर, तुम्ही जे बघताय ते ती दाखवत नाहीये."

शेवटी तिने विचारलं, आमच्या सेवेला किती तारे द्याल? मी पाच दिले. उगीच वितुष्ट कशाला?

आठवड्याभरात गावातल्या सगळ्यांनी ते पाहिलं आणि त्यावर कुणीही काही बोललं नाही. आमच्याकडे ही रीत आहे. अनोळखी माणूस घरात शिरला तरी आधी हवामानावर बोलायचं, मग तो दुसऱ्या कुणाचा तरी पाहुणा असेल असं धरून चालायचं. लोक चहाच्या वेळेला नेमके कामानिमित्त त्या रस्त्याला येऊ लागले, एवढंच.

पंचायतीची सभा गावाच्या हॉलमध्ये भरते. तिथे हीटर चालू केला की जळक्या धुळीचा वास येतो, बंद केला की माणसांचा. अध्यक्ष कॉलिन रज, निवृत्त विमा अधिकारी. त्याच्या फाटकासमोरून गाड्या सुसाट जातात, म्हणून पाटी आता तिसऱ्या खांबावर, म्हणजे त्याच्या दारात, न्यावी असा त्याने ठराव मांडला.

"आणि ते चार?" मागून कुणीतरी विचारलं.

"ताशी चार मैल हा गुन्हा नाही," कॉलिन म्हणाला. "उलट गावात नियम पाळणारं तेवढं एकच आहे."

"पण आहे कोण ते?"

हॉलमध्ये बिस्किट मोडल्याचा आवाज ऐकू आला.

"तो मुद्दा आजच्या विषयपत्रिकेवर नाही," कॉलिन म्हणाला.

तेव्हा मॉरीन उभी राहिली. मॉरीन बुटकी, गोरीपान, कायम त्याच राखाडी स्वेटरमध्ये असते.

"सिरिल आहे तो," ती म्हणाली. "घरी येतोय."

सगळे आपापल्या बुटांकडे पाहू लागले. कॉलिनने घसा साफ केला. "मॉरीन, मला वाईट वाटतं, पण सिरिलचा खुबा गेलेला होता. चार मैलांनी चालणं त्याला—"

"खुब्याच्या ऑपरेशनला नंबर लावून बसला होता तो. तिकडे रांग छोटी असेल."

पाटी हलवण्याचा ठराव मंजूर झाला. मॉरीनचे आभारही मानण्यात आले.

हॉलबाहेर तिने माझी बाही धरली. "रॉरी, बाळा, एक काम करशील? त्या कॉलिनच्या दारात न्यायच्या आधी एक आठवडा ती पाटी दुसऱ्या खांबावर लाव. माझ्या फाटकापुढचा. आत्ता तो खांबाखालून जातो आणि पुढे काय होतं ते कळतच नाही. तो घराकडे वळतो की सरळ निघून जातो, एवढंच मला बघायचंय."

"आणि सरळ गेला तर?"

"तर गेला," ती म्हणाली. "मग मी खोलीतले त्याचे कपडे देऊन टाकीन. दोन वर्षं झाली, मी कपाट उघडलेलं नाही रे."

मंजूर झालेला ठराव एक आठवडा लांबवणं कारकुनाच्या हातात असतं. शिडी नादुरुस्त आहे असं मी कळवलं आणि त्याच शिडीवर चढून पाटी दुसऱ्या खांबाला लावली.

पहिल्या दिवशी बारीक पाऊस होता. मॉरीन दारात उभी होती, हात पुसण्याचं फडकं अजून हातात. योगायोगाने बरंच गाव तिथेच होतं. एकजण पावसात कुंपण कातरत होता. कॉलिन कुत्रा फिरवत होता. कॉलिनकडे कुत्रा नाही, त्याने शेजारणीचा मागून आणला होता.

पाटी लागली. चार. हसरा चेहरा.

चार. चार. मग तीन.

मग दोन. मग एक.

मॉरीनच्या फाटकासमोर आकडा विझला.

कुत्रा खाली बसला. कॉलिनने दोरी ओढली तरी तो उठेना. फाटक काही उघडलं नाही. कडीवरचं पाणी ठिबकत होतं. थोड्या वेळाने सगळे पांगले, आणि जाताना प्रत्येकजण फाटकाला वळसा घालून, रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेला. ठरवून नव्हे. समोर कुणी उभं असलं की माणूस जसा बाजूने जातो, तसा.

रोज तेच. चार, तीन, दोन, एक, आणि फाटक. आत येणं नाही, परत जाणंही नाही. निदान पाटीला तरी परत जाणारं दिसत नाही. तिला फक्त येणारंच कळतं.

"वळला तर खरा," मॉरीन मला म्हणाली. तिने केस विंचरून गालांना काहीतरी लावलं होतं. "पण आत का येत नाही?"

"त्यांच्याकडे किल्ली नसेल," मी म्हटलं. माझ्या तोंडून असली वाक्यं निघतात.

"त्या फाटकाला कुलूप कधी होतं, गाढवा?"

आठवडा संपायच्या दिवशी तिने स्वतः जाऊन फाटक सताड उघडलं. पाटीवर एक आला आणि विझला. मॉरीन रस्त्याकडे तोंड करून, शेजारी नवे राहायला आले की ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात म्हणाली, "ये ना आत. चहा टाकलाय."

कुंपण कातरणाऱ्याची कात्री थांबली.

पायवाटेवर खडी पसरलेली आहे. ती वाजली नाही. मॉरीन मात्र दारातून बाजूला झाली, कुणाला तरी आत जाऊ द्यावं तशी, आणि मग तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर चारचा आकडा कुणाला दिसला नाही. मी पाटी तिसऱ्या खांबावर नेली. तिथे दिवसभर लाल रडके चेहरे लागतात आणि कॉलिन खुर्ची टाकून ते बघत बसतो. इतका सुखी तो कधीच नव्हता.

मॉरीन सभांना येईनाशी झाली. नाताळच्या जत्रेसाठी तिने केकला नकारही दिला नाही, होकारही दिला नाही. गावात लोक म्हणाले, बरं झालं, सोबत झाली तिला. ते कुणाबद्दल बोलत होते ते कुणी कुणाला विचारलं नाही. शेवटी केकचं विचारायला मलाच पाठवलं.

तिने दार जेमतेम फटीएवढं उघडलं, तेव्हा आधी तिचा हातच दिसला. "अगं बाई, रॉरी! ये, ये. चहाचीच वेळ आहे," ती नको इतक्या मोठ्याने म्हणाली.

स्वयंपाकघर उबदार होतं. ओल्या लोकरीचा वास येत होता, पण दोरीवर काही वाळत नव्हतं. टेबलावर तिसरा कप आला. चुलीकडे पाठ असलेल्या खुर्चीपुढे एक कप आधीच भरून ठेवलेला होता. मॉरीन पावसाबद्दल बोलली, चर्चच्या छपराबद्दल बोलली, आणि प्रत्येक वाक्यानंतर त्या खुर्चीकडे बघून जरा थांबली. तिथे बघायला काही नव्हतं. गादी मात्र मधोमध दबलेली होती. मीही हवामानाबद्दल दोन शब्द बोललो, खुर्चीकडे थोडं वळून. एकाला वगळून बोलणं बरं दिसत नाही.

निघताना ती मला सोडायला बाहेरच्या दारापर्यंत आली. तिथे तिने माझी बाही धरली आणि तिचा आवाज एकदम खाली गेला.

"रॉरी, हा सिरिल नाही."

"कशावरून?"

"इतक्या वर्षांच्या संसारात त्याने मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. हा मधे बोलत नाही. नुसता ऐकतो. मी काहीही सांगितलं तरी सगळं ऐकून घेतो."

"मग जा म्हणा त्याला."

"असं कसं म्हणू, बाळा? मीच बोलावलंय. अख्ख्या गावासमोर."

"किती दिवस राहणार, ते तरी विचारा."

"आणि त्याने सांगितलं तर?"

स्वयंपाकघरात चमचा कपाला लागल्यासारखा बारीक आवाज आला आणि ती माझ्या आणखी जवळ सरकली.

"अजून खालीच असतो," ती म्हणाली. "रात्री मी वर गेले की जिन्यापाशी येऊन थांबतो. फाटकाशी थांबायचा ना, तसाच. मी काही म्हणत नाही. नाव तर घेतलंच नाही मी अजून. त्या नावाने हाक मारली तर तो हे घर आपलंच समजेल. मला त्याला घालवायचंय, रॉरी. तू पंचायतीचा माणूस आहेस. तू सांग त्याला. अधिकृत सांग."

तिचं म्हणणं रास्त होतं. बाहेरच्या माणसाने सांगितलं की कुणाच्या मनाला लागत नाही. मी कोटाची बटणं लावली. वाक्य मनात जुळवलं: ग्रामपंचायतीच्या वतीने आपणास कळवण्यात येते की आपण आता जावं. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत परत गेलो आणि आत डोकावलो.

त्या खुर्चीपुढचा कप रिकामा होता.

मी घसा साफ केला.

"बराय, मिस्टर टफनेल," मी म्हणालो. "येतो. चहा छान झाला होता."

माझ्या आईने मला फार चांगलं वळण लावलंय. मॉरीन माझ्याकडे बघत राहिली.

खुर्ची मागे सरकली. पाहुणा निघाला की उठून उभं राहावं, तशी.

आम्ही दोघं बाहेरच्या दारात आलो. मॉरीनने खुंटीवरचा कोट घेतला, पण घातला नाही. आत जिन्याची खालची पायरी वाजली. मग तिच्या वरची. कुठेही घाई नव्हती.

मग आमच्या अगदी डोक्यावर, वरच्या खोलीत, पलंग करकरला.

मॉरीनने मान वर करून ऐकलं.

"खिडकीकडची," ती हळूच म्हणाली. "ती माझी बाजू आहे."