गच्चीवरची ऊब

आईला जाऊन पंचावन्न दिवस झाले होते, आणि गच्चीवरचा तिचा ड्रम अजून श्वास घेत होता.

प्रेरणानं झाकण उचललं आणि ती दोन पावलं मागं सरली. डिसेंबरमधल्या सोमवारची सकाळ, सिडकोतल्या घरांच्या ओळीवर धुकं उतरलेलं... आणि त्या निळ्या ड्रममधून वाफ निघत होती. संथ, सरळ, चुलीवरच्या आधणासारखी. घर पन्नास दिवस बंद होतं. गच्चीच्या दाराचं कुलूप तिनं आत्ताच स्वतः काढलं होतं. गंजलं होतं, किल्ली तीनदा अडकली होती. तरीही आतल्या खताच्या वरच्या थरावर, अगदी मधोमध, एक तळहात उमटलेला होता.

ताजा.

प्रेरणा पुण्यात एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. घाबरण्याआधी तपासायची तिला सवय होती. ती वाकली. उजवा हात. मोठा. पाचही बोटं पूर्ण. आई डावखुरी होती. शिवाय लहानपणी, फुलंब्रीला माहेरी, कडबा कापायच्या यंत्रात तिच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं होतं.

म्हणजे हा हात आईचा नव्हे.

आपण हे खरोखरच पडताळून पाहिलं, हे लक्षात आलं तेव्हा मात्र तिच्या अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी ती साडेपाचलाच वर आली. अंधार नुकता विरत होता. शाल गुंडाळून ती पाण्याच्या टाकीमागं उभी राहिली. शेजारच्या गच्चीवर पावलं वाजली, कठड्यावरून एक सडपातळ आकृती अलगद इकडं उतरली, तिनं ड्रमचं झाकण उघडलं आणि वाफेत हात घातला — कोपरापर्यंत.

"कोण आहे?"

"अयायो!" आकृती दचकली, पण हात बाहेर आला नाही. "ओरडू नका मॅडम, प्लीज. मी चोर नाय."

"मग कोण?"

"सुदर्शन. शेजारचा. चोर कधी कचरा चोरायला येतो का?"

"पण कचऱ्यात लपवलेलं न्यायला येऊ शकतो."

"काकडीची सालं आहेत. हवी तर झडती घ्या." त्यानं हात बाहेर काढला. उजवा, काळा, वाफाळणारा. "तुम्ही मुक्ताबाईंच्या प्रेरणा ना? मालनबाई म्हणाल्या होत्या, पोरगी येणार आहे म्हणून."

मालनबाई म्हणजे शेजारची म्हातारी. सुदर्शन दिवाळीनंतर तिच्या वरच्या खोलीत राहायला आला होता. एका लॅबसाठी तो घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचा. सहाला गाडी काढायची, म्हणून साडेपाचला ड्रम. मुक्ताबाईंना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं.

"मग हे का करता?"

"मालनबाईंनी खोली दाखवायच्या आधी ड्रम दाखवला. म्हणाल्या, मुक्ताला शब्द दिलाय, पण माझे गुडघे कठड्यावर चढत नाय. रोज ढवळायचं, सालं घालायची, वर वाळला पाला. आणि शेवटी एकदा वरून हात ठेवायचा."

"हात कशाला?"

"मीपण विचारलं. म्हणाल्या, मुक्ता ठेवायची. तू ठेव." त्यानं खत सारखं केलं आणि तळहात हळूच दाबला. झाकण लावताना त्यानं तिच्याकडं पाहिलं. "तुमचे हात लई थरथरतायत. थंडी आहे, का मी?"

"थंडी," प्रेरणा म्हणाली. जरा जास्तच पटकन.

ती घर आवरायला आली होती, आठवडाभरासाठी. रविवारी भाडेकरू येणार होते, त्यांना गच्ची मोकळी हवी होती. सोमवारी पुणे. तिच्याच कंपनीच्या इथल्या, जवळच्या शेंद्र्याच्या शाखेत जागा होती. आईनं तीनदा सांगितलं होतं, ये म्हणून. हिनं तीनदा 'बघू' म्हटलं होतं. चौथ्यांदा सांगायला आई राहिली नाही.

दिवसा ती कपाटं रिकामी करायची. ड्रमचं झाकण उघडायचं धाडस तिला पुन्हा झालं नाही. भाजीची सालं ती डब्यात भरून कठड्यावर ठेवायची, संध्याकाळी गच्चीचं दार लावून कुलूप घालायची आणि किल्ली उशीखाली ठेवायची. बुधवारी पहाटे तिनं डब्याशेजारी चहाचा थर्मासही ठेवला. का, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

बुधवारी संध्याकाळी ती कपडे काढत होती, तेव्हा तो कठड्यापलीकडं येऊन उभा राहिला.

"उत्तर मिळालं," तो म्हणाला. नजर मात्र हर्सूलच्या टेकड्यांकडं होती.

"गोड झाला होता का?"

"काय? ... हां, चहा. चहापण छान होता."

चहा'पण'? तिला कळलं नाही. पण त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या तिनं पाहिल्या, आणि हातातल्या टॉवेलची तिनं उगाचच दुसऱ्यांदा घडी केली.

गुरुवारी नळाचा दिवस होता. सगळी गल्ली पाइप ओढत होती. त्याचा पाइप तोकडा पडला, तिनं आपला जोडून दिला. जोड सुटला आणि दोघंही नखशिखांत भिजली.

"सुया टोचणाऱ्या माणसाला साधा पाइप जोडता येत नाही?"

"माझ्या सुईनं अजून कुणी ओरडलं नाय. पाहिजे तर हात पुढं करा."

"आणि तुम्ही काय काय तपासाल?"

"रक्त कमी आहे, ते तर इथूनच दिसतंय. हसत नाही तुम्ही."

ती हसली. पंचावन्न अधिक तीन दिवसांनी.

शुक्रवारी तिनं ड्रम हलवून पाहिला. तो तसूभरही सरकला नाही, पण कड जराशी उचलली गेली आणि खालून एक जाड, गुलाबी गांडूळ फरशीवर आलं. मग दुसरं. तिसऱ्या मजल्याच्या कोरड्या फरशीवर! ती धावत मालनबाईंकडं गेली.

"बूडच नाय त्याला," मालनबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "मुक्तानं कापून काढलं. म्हणली, पाणी झिरपलं पाहिजे."

"पण गांडुळं कुठून आली? खाली तर फरशी आहे."

"फरशीवर आपसुक काय येतंय गं बाई? जमिनीवर ड्रम ठिवला तर खालून येतात, हितं आणून घालावं लागतं. फुलंब्रीहून दोन घमेली माती आणली तिनं, गांडुळासकट. एसटीत मांडीवर घिऊन बसली व्हती. कंडक्टर म्हणला, मावशी, हे काय? तर म्हणली, लेकरं हायेत."

"म्हणजे हलवला तर..."

"हलवला तर संपला. सगळं फरशीवर सांडंल अन् उन्हात वाळंल." लसणाची पाकळी त्यांच्या बोटांत थांबली. "शेवटच्या दिवशी मला म्हणली, प्रेरणा येईस्तवर गार होऊ देऊ नको."

शनिवारी दुपारी चार वाजता प्रेरणा फावडं आणि दोन पोती घेऊन गच्चीवर उभी होती. स्वच्छ ऊन होतं. सुदर्शन कामावरून आला, कठडा ओलांडून इकडं उतरला. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तोडणार?"

"उद्या भाडेकरू येतायत. तुम्ही माती घेऊन जा. मालनबाईंच्या कुंड्यांना होईल."

"तोडायचाच होता, तर मग चार दिवस मला उत्तर का देत होता?"

"कसलं उत्तर?"

तो ओशाळून हसला. "मस्करी नका करू. मी हात ठेवून जातो. दुसऱ्या दिवशी झाकण काढतो, तर शेजारी तुमचा. बुधवारपासून रोज. मला वाटलं... जाऊ द्या, काय वाटलं ते."

प्रेरणाच्या हातातलं फावडं फरशीवर टेकलं. "मी सोमवारनंतर झाकणाला हात लावलेला नाही."

"मग हा?"

त्यानं झाकण उचललं. भर दुपारी वाफ वर आली आणि उन्हात नाहीशी झाली. मधोमध त्याचा सकाळचा ठसा होता, मोठा, उजवा. त्याला अगदी खेटून एक लहान, डावा.

"आज सकाळी मी गेल्यावर ठेवलाय तुम्ही," तो हळूच म्हणाला. "तुमच्या करंगळीला काय झालं, हे विचारायचं होतं. रोज विसरतो. अर्धीच उमटते ती."

प्रेरणानं फावडं खाली ठेवलं. तिनं दोन्ही हात उघडून त्याच्यासमोर धरले. दहाही बोटं पूर्ण होती.

सुदर्शन त्या हातांकडं बघत राहिला. मग ठशाकडं. मग पुन्हा हातांकडं. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होत नव्हती.

"कुणाची..." त्यानं विचारलं, आणि तो थांबला. गच्चीच्या दाराला तिनं आत्ताच काढलेलं कुलूप लटकत होतं. पलीकडं मालनबाईंचे कठड्यावर न चढणारे गुडघे होते.

"आई डावखुरी होती," प्रेरणा म्हणाली.

वारा अजिबात नव्हता. तरी ड्रमवरची वाफ जराशी तिच्या बाजूला झुकली. तिच्या चेहऱ्याला ऊब लागली — तापात आई कपाळाला हात लावून बघायची, तशी. डोळे भरून आले, पण भीती... भीती कुठं गेली होती कोण जाणे.

सुदर्शन एक पाऊल मागं सरला होता. "म्हणजे इतके दिवस मी ज्यांच्याशी..." त्यानं हातातलं झाकण खाली टेकवलं. "तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. माझीच चूक झाली, मॅडम. मी जातो."

"थांबा."

तिनं बांगडी मागं सारली, ड्रमवर वाकली आणि आपला उजवा तळहात त्या दोन ठशांच्या शेजारी ठेवला. दाबला. खत तापलेलं होतं, मऊ होतं. तिनं घाई केली नाही.

"हे माझं उत्तर," ती म्हणाली. "आता नीट बघून घे. पुन्हा चुकायला नको."

'घे' ऐकून त्यानं मान वर केली. "फावड्याचं काय?"

"मालनबाईंच्या कुंड्या उकर त्यानं."

"आणि भाडेकरू?"

तिनं मातीच्या हातानं फोन काढला. पहिला फोन भाडेकरूंना लावला. दुसरा पुण्याला, तिच्या साहेबांना, शेंद्र्याच्या जागेसाठी. साहेब 'बघू' म्हणाले. तिला हसू आलं आणि रडूही.

रविवारी साडेपाचला दोघांनी मिळून झाकण उघडलं. आत दोनच ठसे होते — एक मोठा, एक लहान, दोन्ही उजव्या हातांचे. तिसऱ्याच्या जागी खत सपाट होतं, जणू कुणी निघताना अंथरूण नीट करून गेलं असावं.

प्रेरणानं बराच वेळ वाट पाहिली. मग गज उचलून ढवळायला लागली.

"गार पडलं का गं?" सुदर्शननं विचारलं.

तिनं त्याचा हात धरून आत घातला.

"नाय," तो म्हणाला. आणि हात काढून घ्यायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही.