ढोल्याचे श्वास

लस टोचून आणायची, एवढंच काम होतं. वर्षातून एकदा असतंच ते. सकाळचा चहा झाला, ढोल्याच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि आम्ही रमतगमत दवाखान्यात गेलो.

ढोल्या हे नाव माझ्या भाचीने ठेवलेलं. अंगाने काडी, बरगड्या दिसतायत, आणि नाव ढोल्या. ती शिकायला दूर गेली तेव्हा दारात मला म्हणाली होती, "मावशी, हा तुझ्याजवळ आहे म्हणून माझा पाय निघतोय." तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर साचे पाठवतात आणि मी घरी बसून त्यांत दात बसवते. म्हाताऱ्यांना हसू पुरवण्याचा धंदा, असं मी गमतीने म्हणते. पुढच्या खोलीत माझं काम चालतं. मागे भाचीची खोली. तिची एकुलती एक खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे भरदुपारीसुद्धा तिथे दिवा लागतो. पण खोली थंड असते, म्हणून ढोल्याला ती फार प्रिय.

जनावरांचे डॉक्टर तसे मितभाषी. सुई टोचून झाल्यावर त्यांनी नेहमीचंच सांगितलं. आज जरा मलूल राहील, अंग कोमट लागेल, टोचलं तिथे दुखेल. खायचा आग्रह करू नका, माणसांची तापाची गोळी तर मुळीच देऊ नका. तोंड सुजलं, उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर मात्र लगेच फोन करा. आणि मन थाऱ्यावर नसेल तर तो झोपलेला असताना मिनिटभर श्वास मोजा. तीसच्या आत असले की निर्धास्त राहायचं.

घरी आल्यावर ढोल्या सरळ मागच्या खोलीत गेला आणि भिंतीलगतच्या गोधडीवर आडवा झाला. दुपारी रस्त्यावर खोदकाम करणाऱ्यांच्या हातून कुठली तरी तार तुटली आणि वीज गेली. माझं घासकामाचं यंत्र थांबलं, फ्रीज थांबला, पंखा थांबला. घर इतकं गप्प मी कधी ऐकलंच नव्हतं. काम करता येईना, म्हणून म्हटलं ढोल्याजवळ बसावं.

खोलीत अंधार होता. तसा अगदी गुडुप नव्हे, वस्तूंच्या कडा तेवढ्या दिसत होत्या. मी जमिनीवर बसले, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं आणि नुसत्या आवाजावरून त्याचे श्वास मोजायला लागले. मिनिट पुरं व्हायच्या आत पन्नास उलटून गेले.

मी घाईने त्याच्या बरगड्यांवर तळवा ठेवला. आणि बरगड्या अगदी सावकाश हलत होत्या. वर... खाली. पुन्हा मोजलं, या वेळी हाताने. तीसच्या आत.

मला हायसं वाटलं. म्हटलं, इतकी वर्षं यंत्राच्या कर्कश आवाजात गेली, कानांनी दगा दिला असेल. हात तसाच ठेवून मी डोळे मिटले. बरगड्या वर गेल्या, खाली आल्या आणि थांबल्या. दोन श्वासांच्या मधली ती शांत जागा असते ना, तिथे माझा हात अगदी स्थिर होता. आणि त्या शांत जागेत एक श्वास गेला.

तो ढोल्याचा नव्हता. माझाही नव्हता, मी तर श्वास रोखून बसले होते. नाकातून सोडलेला, लांब, सवयीचा श्वास. बराच वेळ एका जागी बसून राहिलेलं माणूस सोडतं तसा. तो भिंतीच्या बाजूने आला, ढोल्या आणि भिंत यांच्यामध्ये जी वीतभर जागा होती तिथून. आणि त्याच्यासोबत वास आला, ओल्या प्लास्टरचा. कवळ्यांच्या साच्यांसाठी मी रोज कालवते तसल्याच, पण त्या दिवशी मी प्लास्टरला हातसुद्धा लावला नव्हता.

मी उठले नाही. उठता येतं हेच मुळी विसरले होते. मनाला समजावत राहिले. शेजारी नळाचा पाइप असेल, भिंतीपलीकडे कुणी झोपलं असेल. माणूस अशा वेळी स्वतःला काय काय पटवून देतं... शेवटी पाणी आणायचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून उगाचच उभी राहिले. पुढच्या खोलीतून रस्त्यावरच्या मजुरांचे आवाज येत होते, कुणीतरी हसत होतं. त्या हसण्याने धीर आला. हातात वाडगा आणि बॅटरी घेऊन मी परत गेले.

ढोल्या जागा होता, पण एकच डोळा उघडा होता. दुसऱ्याची सुजून फट झाली होती. नाकाड गांधीलमाशी चावल्यासारखं टम्म फुगलं होतं, ओठ लोंबत होते. मला पाहून त्याने शेपूट हलवलं नाही. तो माझ्याकडे पाहतच नव्हता. भिंतीकडे पाहत होता, मान आखडून, आणि घशातल्या घशात कण्हत होता.

मी डॉक्टरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, लसीची काही कुत्र्यांना अशी बाधा होते, अजिबात वेळ न घालवता आणा, मी सुई भरून ठेवतो. टॅक्सी बोलावली. ती येईपर्यंत श्वास किती चढलाय ते कळू दे, फोन त्याच्याजवळ ठेवा आणि मोठ्याने मोजा, असं त्यांनी सांगितलं. मी फोनचा आवाज वाढवून तो गोधडीवर ठेवला आणि बरगड्यांवर हात ठेवून मोजायला लागले.

एक. दोन. तीन. आता श्वास खरोखरच भराभर चालले होते. माझा आवाज त्या खोलीत मलाच परका वाटत होता. सव्विसाला डॉक्टर म्हणाले, "थांबा."

मी थांबले. पलीकडे बराच वेळ शांतता होती.

"तुमच्याजवळ कोण आहे?"

"कुणी नाही. मी एकटीच आहे."

"खोलीत... कुणीच नाही?"

"नाही, डॉक्टर."

ते अगदी हळू म्हणाले, "त्याला उचला आणि बाहेर या. मागे बघत बसू नका. फोन बंद करू नका."

ढोल्याला मी एरवी बाजारच्या पिशवीसारखं काखेत मारते. त्या दिवशी तो उचलला जाईना. दोन्ही हात पोटाखाली घातले, जोर लावला, पण तो जमिनीला शिवून टाकल्यासारखा. तोही पाय झाडत होता, बिचारा माझ्याकडे यायलाच धडपडत होता. शेवटी गोधडीचं टोक मुठीत धरलं आणि ओढलं. गोधडी तसूतसूने सरकली. तिच्यावर एक कुत्रं आहे असं वाटत नव्हतं, कुणीतरी पाय रोवून बसलं आहे असं वाटत होतं. माझ्या तोंडून भाचीचं नाव निघालं, का कोण जाणे. तिला मी काय तोंड दाखवणार, एवढंच डोक्यात होतं. भीतीपेक्षा तेच मोठं झालं. मी पाय दाराच्या चौकटीला लावले आणि हिसडा दिला. उंबऱ्याशी येताच सगळं वजन एकदम नाहीसं झालं आणि मी पाठीवर आपटले. ढोल्या माझ्या छातीवर.

टॅक्सीत मी अक्षर बोलले नाही. फोन तसाच चालू, कुर्त्याच्या खिशात होता. ढोल्याचं सुजलेलं तोंड मांडीवर धरून मी नुसती रस्ता बघत राहिले. दवाखान्याच्या दारात डॉक्टर कानाला फोन लावून उभे होते. मी आत पाऊल टाकलं तसा त्यांनी फोन ठेवला, ढोल्याला माझ्या हातून घेतलं आणि सुई दिली. दिवेलागणीपर्यंत सूज उतरली. ढोल्याने त्यांचा हात चाटला, मी बाकावर बसून रडून घेतलं.

त्या घरी आम्ही परत राहायला गेलो नाही. सामान भावाने आणलं. ढोल्या ठणठणीत आहे, भाचीला मी यातलं काही कळवलेलं नाही.

डॉक्टर मात्र मला टाळत होते. पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मी त्यांना सरळच विचारलं, की तुम्ही त्या दिवशी काय ऐकलंत. तो दुसरा श्वास ना?

ते हात धूत होते. म्हणाले, श्वास नाही. कुणीतरी तुमच्याबरोबर मोजत होतं. आधी वाटलं, फोनमध्ये तुमचाच आवाज घुमतोय, कारण आवाज तुमचाच होता. म्हणून तुम्हाला थांबा म्हटलं.

"मग?"

"तुम्ही सव्विसाला थांबलात. ती म्हणाली, पंचवीस."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी नळ बंद केला, तरी हात पुसायचे राहिले.

"उलटं मोजत होती. फार सावकाश. तुम्ही टॅक्सीत बसलात, रस्त्याचे आवाज येत होते, तरी चालूच होतं, तुमच्या अगदी जवळून. तुम्ही दारातून आत आलात तेव्हा ती दोनवर आली होती."

"आणि मग?"

"मग मी फोन ठेवला," ते म्हणाले. "पुढचं मी ऐकलेलं नाही."