पाठमोरे पाहुणे

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडा. पण बासू माझा सख्खा मामा, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. अ‍ॅटलस डोंगरातल्या ताझरुत पठारावर, ऑक्टोबरातल्या एका दुपारी हे घडलं.

पठाराचं राष्ट्रीय उद्यान करायचं की नाही, हे मामाच्या शेऱ्यावर ठरणार होतं. वस्ती असेल तर उद्यान नाही. वनखात्यातून निवृत्तीला आलेला मामा डोंगर तुडवून पार थकला होता.

सोबत वाटाड्या हद्दू. त्याचे लोक उन्हाळाभर तिथे मेंढ्या चारायचे. आता थंडीसाठी तंबू खाली खोऱ्यात गेले होते. उरले होते फक्त चुलीचे काळे दगड.

"साहेब, लिहा की माणसं राहतात म्हणून."

"दाखव ना मग एक तरी!" मामा वैतागला.

धुकं उतरलं. मामाने बसकण मारली. लहानपणच्या सवयीने... चुलीकडे पाठ करून.

आमच्या डोंगरातल्या लोकांत पाहुणा तंबूपासून लांब, पाठमोरा बसतो. आतून हाक आली की मगच उठतो.

हद्दूचा चेहरा उतरला. "उठा साहेब! रिकाम्या चुलीपुढे असं बसतात होय?"

तेवढ्यात...

मागे जातं घरघरलं.

एक मेंढी खोकली.

मग म्हातारीचा आवाज, अगदी कानाशी. "ये रे लेकरा, चहा घे."

मामा वळला. कुणी नाही. गार चुलीवर नुसता पुदिन्याचा वास...

घाबरून त्याच्या तोंडून रिवाजाचं उत्तर निसटलं. "देव भलं करो, आई. तुम्हीही या आमच्याकडे."

हद्दू धूम पळत सुटला.

घरी येऊन मामाने शेरा मारला. वस्ती नाही.

"मग काय लिहू? वास आला म्हणून?" तो मामीवर खेकसला. त्याला फक्त झोपायचं होतं.

उद्यान झालं. कुंपण उभं राहिलं. हद्दूच्या लोकांना चराई बंद झाली.

चराई बंद झाली त्याच संध्याकाळी मामीने विचारलं, "अहो, अंगणात कोण बसलंय?"

एक म्हातारी... पाठमोरी.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी आणखी दोघं. मग पोरंबाळं. जवळ गेलं की कुणी नसतं. दारात परतलं की असतात.

"बोलाव ना एकदा आत," मी म्हणालो.

मामा दमल्यासारखा हसला. "बोलावीन रे. पण आमचं घर कुठे गेलं असं त्यांनी विचारलं तर?"

काल मी निघालो तेव्हा अंगण भरलं होतं. मी भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडलो.

मागे कुणीतरी हळूच घसा खाकरला...