मॅट दारावरची थाप

मॅट रंगाच्या गाडीला फडकं मारायचं नाही. येणारा-जाणारा प्रत्येक जण मारतो आणि मग मला ओरडावं लागतं. साध्या चकचकीत रंगावर ओरखडा आला तर घासून, पॉलिश करून जिरवता येतो. मॅटला पॉलिश चालतच नाही. घासलं की तेवढीच जागा चकाकायला लागते. शाळेचा स्कर्ट बसून बसून मागे चकाकतो ना, तशी. आणि एकदा चकाकली की गेली. मग अख्खं दार नव्याने रंगवायचं.

स्कर्टचं मला बरोबर आठवतं, कारण तो मी फेकून दिलाय. नववीत एका बाईंशी वाजलं, मी दप्तर उचललं आणि निघाले ती थेट आत्याच्या गॅरेजात. आत्या म्हणजे बाबाची मोठी बहीण. गॅरेज तिचं, रंगकाम तिचंच. बाबा शाळेची बस चालवतो. "बसभर पोरं रोज शाळेत पोचवतो, घरची एक पोचत नाही," हे वाक्य त्याने इतक्या वेळा म्हटलंय की त्याच्या बसमधल्या पोरांनाही पाठ आहे.

तर ही गाडी आली तेव्हा आत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. शिडीवरून पडली होती. गाडी राखाडी, मॅट, ढगासारखी. डावीकडचं मागचं दार आत गेलेलं, रंग चुरगळून सोललेला. मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. उतरल्या त्याच हसत.

"खांब मध्ये आला हो," त्या म्हणाल्या. "मी नव्हते गेले, तोच आला."

"मॅडम, तुम्ही डेंटिस्ट, मी डेंटर," आमचा पोपट म्हणाला. "तुम्ही पोकळी भरता, मी पोचे काढतो. धंदा एकच." याला खरं नाव आहे, पण तोंड बंद नसतं म्हणून पोपट. पत्रा ठोकण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नाही.

डॉक्टरबाई खो खो हसल्या. किल्ली देताना मात्र नजर दाराकडे गेली आणि हसू थांबलं. "जशी होती तशी करा," म्हणाल्या. "अगदी जशी होती तशी."

आत्याने मान हलवली. त्या गेल्यावर तिने रंगाची स्प्रे गन माझ्या हातात दिली.

मी गन धुतलीय, भरलीय, जुन्या पत्र्यांवर मारून मारून हात बसवलाय. पण गिऱ्हाइकाच्या गाडीवर कधी नाही. आणि पहिलीच मॅट! मला नाचावंसं वाटलं. नेमका त्याच वेळी बाबा डबा घेऊन आला.

"हिला देतेस?" त्याने आत्याला विचारलं.

"मग काय तुला देऊ?"

बाबा माझ्याकडे वळला. "ठीक आहे. मॅडमना दार पसंत पडलं तर तू इथेच. मी परत शाळेचं नाव काढणार नाही. नाही पसंत पडलं तर सोमवारी माझ्या बसमध्ये, पहिल्या सीटवर. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. मला राग जसा लवकर येतो तसा तोंडातून होकारही लवकर निघतो.

पोपटने आतून ठोकून पत्रा सरळ केला. मी पुट्टी भरली, घासली, पुन्हा भरली. दाराच्या आतली गंजलेली पट्टी कटरने कापली. कटरच्या फिरत्या पात्यावरचं गार्ड मी केव्हाच काढून ठेवलंय, मध्ये मध्ये येतं, काही दिसत नाही. आत्या त्यावरून रोज बोलते, मी रोज उद्या लावते म्हणते. मग प्रायमर, मग राखाडी बेस, आणि शेवटी मॅट क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. खरी परीक्षा तिथे. आत्या रंगाच्या खोलीच्या, म्हणजे बूथच्या काचेबाहेर स्टुलावर बसून ओरडत होती.

"मनगट वळवू नकोस! सरळ ने! पहिला हात पूर्ण विझू दे, घाई करशील तर ठिगळं दिसतील!"

ओलं असताना मॅटही चकाकतं. मग बघता बघता विझत जातं, कडेकडून आत, जसं काही कुणी दारावर फुंकर घालतंय. मी मास्क वर केला आणि नुसती बघत राहिले. एक कण धूळ नाही. एक ठिगळ नाही. पोपटने काचेवर नाक दाबून शिट्टी मारली. आत्याने डावा अंगठा वर केला. मला आयुष्यात कुठल्याच पेपरात इतके मार्क पडले नव्हते.

गाडी पूर्ण झाली की आत्याची एक सवय आहे. दारावर उघड्या पंजाने थाप मारायची आणि म्हणायचं, "सुटलीस." मलाही तीच खोड लागलीय. पण मॅटवर थाप नाही. म्हणून आत्याने बूथला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि थाप माझ्या पाठीत मारली. "सुटलीस," म्हणाली. जेवताना आम्ही तिघं उगाचच हसत होतो.

सकाळी आत्याने कुलूप काढलं. मी पहिली आत गेले.

दाराच्या मधोमध, हँडलच्या खाली, एक पंजा चकाकत होता.

पाच बोटं, तळवा, अंगठ्याखालचा उंचवटा. उजवा हात. बाकी दार ढगासारखं, आणि तेवढ्या जागेत ट्यूबलाइटची रेघ दिसत होती.

"पोपट!" मी इतक्या जोरात ओरडले की कंप्रेसरवरची कबुतरं उडाली. "हात लावलास ना तू? खाज सुटते का हाताला?"

"अगं माझे आई, कुलूप होतं! किल्ली ताईंच्या गळ्यात होती!"

"मग आत्या, तू?"

आत्याने प्लास्टर माझ्या नाकासमोर धरलं. "उजवा पंजा आहे तो. आंधळी आहेस का?"

मी रंगाचा रिकामा डबा लाथाडला, पाय दुखला, आणि कामाला लागले. दुसरं करणार काय? बारीक पेपरने सगळं दार घासलं. तो पंजा घासून गेला, मी स्वतः बघितला जाताना. पुन्हा बेस, पुन्हा क्लिअर. ते डब्यातलं शेवटचं क्लिअर होतं. या वेळी मनगट अजिबात वळलं नाही. दार पहिल्यापेक्षा चांगलं झालं, आत्याच म्हणाली. बूथला दोन कुलपं घातली. मी चिडलेली होते, पण खोटं कशाला बोलू, खूशही होते. असं दार दोनदा रंगवायला मिळणं म्हणजे आवडीचा पदार्थ दोनदा वाढून घेण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी तो तिथेच होता. तीच जागा, तोच पंजा.

पोपट उकिडवा बसला आणि बराच वेळ बघत राहिला. तो गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "अशी चकाकी एका थापेने येत नाही. वर्षं लागतात. रोज त्याच जागी, त्याच हाताने, अगदी मायेने. माझ्या हातोड्याचा दांडा असा झालाय, पण त्याला पंधरा वर्षं गेली."

"रंग तर कालचा आहे," आत्या म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

मग तो लगेच मूळ पदावर आला. "थांबा, चोर पकडू," म्हणून त्याने आपला पंजा दारासमोर धरला, न टेकवता. त्याचा हात म्हणजे फावडं, दुप्पट मोठा. बाबा आला तेव्हा त्यालाही लावलं रांगेत. त्याचाही मोठा पडला. आत्याने प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं धरली, ती लांब आणि सडपातळ, जमेना.

"बाईमाणसाचा हात आहे," पोपट म्हणाला. "आणि हे बघा, करंगळीच्या शेजारचं बोट आखूड आहे. नखाएवढं वरून गायब."

खरंच होतं. बाकीची बोटं टोकाला गोल, ते मध्येच सरळ तुटलेलं.

"भुतालाही कटर लागला वाटतं," पोपट म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. आत्या जरा उशिरा हसली.

"आता तू," बाबा मला म्हणाला.

"मी नाही. मी काय चोर आहे? दोनदा मरमर करून रंगवलं मी, आणि माझाच हात तपासता?" मी कोपऱ्यात जाऊन गन धुवायला लागले. धुतलेलीच होती, तरी धुतली. बाहेर बाबाची बस उभी होती, पहिली सीट रिकामी. सोमवार परवावर आला होता आणि क्लिअर संपलं होतं.

तेवढ्यात गेटमधून डॉक्टरबाई आल्या. हातात खोकं, आधीच हसणाऱ्या.

आत्या पुढे झाली. "मॅडम, एक गोष्ट सांगायची होती. दारावर जरा..."

डॉक्टरबाईंनी ऐकलंच नाही. त्या सरळ दारापाशी गेल्या, वाकल्या, आणि दोन्ही हात गालांवर ठेवून लहान मुलीसारख्या किंचाळल्या.

"अय्या! आला परत!"

पोपटने पुन्हा वाकून दाराकडे बघितलं.

"अहो, गाडी घेतली त्या दिवसापासून होता हा! शोरूमवाला लाजेने अर्धा झाला होता, दार बदलून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू दे. रोज दवाखान्यात जाताना याला टाटा करते मी. खांब नेमका यावरच बसला, तेव्हा मला गाडीपेक्षा याचंच वाईट वाटलं. तुम्हाला सांगायला लाज वाटली, म्हणाल काय वेडी बाई आहे. आणि तुम्ही न सांगताच..." त्यांचे डोळे भरले होते. "कुणी काढला हा?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "रंगकाम हिनेच केलंय."

डॉक्टरबाईंनी मला मिठीच मारली. त्यांच्या कोटाला लवंगेचा वास येत होता. बाबाने टोपी काढून डोकं खाजवलं आणि मग हसायलाच लागला. "हरलो," म्हणाला. "पहिली सीट कुणालातरी देऊन टाकतो." पोपट नाचला. खरंच नाचला, हातोडा डोक्यावर धरून. खोक्यात केक होता आणि बोनेटवर ठेवू नका म्हणून ओरडत तो आम्ही स्टुलावर ठेवून, पुट्टीच्या पात्याने कापून खाल्ला. इतकी मजा मला आठवत नाही कधी आल्याची.

निघताना डॉक्टरबाई आत बसल्या, काच खाली केली. मी सवयीने हात उचलला आणि मध्येच थांबले. मॅट.

"मार ना थाप," त्या म्हणाल्या. "तिथेच मार. तुझाच तर आहे."

मी पंजा टेकवला.

सकाळचा पत्रा गार असतो. तेवढी जागा गार नव्हती. कुणीतरी आत्ताच हात काढून घेतल्यासारखी ऊबदार होती.

तळवा बसला. अंगठा बसला. करंगळी बसली. माझी करंगळी जरा वाकडी आहे, तीसुद्धा.

एका बोटाचं टोक तेवढं बाहेर राहिलं, नखाएवढं. त्याच्याखाली पत्रा गार होता.

"सुटलीस," मी म्हटलं. गाडी गेटमधून गेली, डॉक्टरबाई हॉर्न वाजवत राहिल्या, पोपट हात हलवत राहिला. आत्या माझ्या हाताकडे बघत होती.

संध्याकाळी बाबा पुन्हा आला, पिशवी पाठीमागे लपवून. "घे. आता इथेच राहणार तर नीट राहा." कामाचे हातमोजे होते, चांगल्यातले, जाड चामड्याचे, पाकीट अजून सीलबंद. बाबाने स्वतःहून माझ्या गॅरेजच्या कामासाठी काही आणलं होतं! मी दातांनीच पाकीट फाडलं. डावा घातला, झकास बसला. उजवा घातला.

करंगळीच्या शेजारचं बोट आत जाईना. मी ओढलं, बाबाने ओढून पाहिलं. मग त्याने हातमोजा उलटा करून बघितला. ते बोट वरून आखूड शिवलेलं होतं, नीट, पक्क्या टाक्यांनी.

"कारखान्यातच गोंधळ झालाय," बाबा म्हणाला. "दे, बदलून आणतो."

"राहू दे," माझ्या तोंडून निघून गेलं.

आत्या स्टुलावरून उठली, कटरपाशी गेली आणि डाव्या हाताने त्याचा प्लग काढला.