अर्धवट नव्हे, अर्धवेळ

कपड्यांच्या त्या मोठ्या दुकानाच्या तळघरात कर्मचाऱ्यांची जेवणाची खोली होती, आणि तिच्या दारावर युनियनने नवं पत्रक डकवलं होतं. शिलाईच्या काउंटरवरची टाचणी हातातल्या डब्यासकट ते वाचायला थांबली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

'अर्धवट कर्मचाऱ्यांनाही आरोग्य विमा मिळालाच पाहिजे!'

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ओठांत कायम टाचण्या आणि जिभेवर त्याहून टोकदार शब्द, म्हणून दुकानाने ठेवलेलं. तिने अंबाड्यात खोचलेली पेन्सिल उपसली आणि 'अर्धवट'वर सपकन काट मारली.

"ओ बाई! युनियनचं पत्रक आहे ते. खरडू नका!"

मागे एक उंच तरुण उभा होता, हनुवटीपर्यंत पत्रकांचा गठ्ठा घेऊन. गोदामात काम करायचा. दोन महिन्यांपूर्वीच युनियनचा चिटणीस झाला होता.

"कोणी लिहिलंय हे?"

"मी," तो जरा ऐटीत म्हणाला.

"मग अर्धवट कोण, ते कळलं."

त्याने पत्रक वाचलं. पुन्हा वाचलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "अर्धवेळ... अहो, अर्धवेळ लिहायचं होतं!"

"किती छापलीत?"

"तीनशे."

आता मात्र तिला हसू आवरेना. हसता हसता राग कुठे गेला ते तिलाही कळलं नाही. दोघं समोरासमोर बसून एकेक पत्रक दुरुस्त करायला लागले. तो पेनाने, ती पेन्सिलीने. विसाव्या पत्रकाला पेन्सिल तिच्या बोटांतून निसटली. तिने मनगट झटकलं. तिसाव्याला पुन्हा निसटली.

"काय झालं हाताला?"

"काही नाही. मुंग्या येतात."

"कधीपासून?"

सांगायचं नव्हतं, पण त्याने असं विचारलं की... सांगून बसली. मनगटातली नस दबली होती. छोटंसं ऑपरेशन करायचं, पण लवकर, नाहीतर अंगठ्यातली ताकद जाईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पूर्णवेळवाल्यांना कंपनीचा विमा होता. ती रोज तीन तासांवर, तिला काहीच नाही. आणि अंगठा गेलेल्या शिलाईवालीला कोण ठेवून घेणार? म्हणून तिने घरीदारी कुणाला कळू दिलं नव्हतं.

"कुठे बोललात तर टाचणी काय असते ते कळेल," तिने दम दिला.

"ते आजच कळलं," तो म्हणाला, आणि शब्द पाळला.

पुढचे तीन महिने कंपनीशी बोलणी चालली. काय ठरलं, काय फिसकटलं ते सांगायला तो शिलाईच्या काउंटरवर यायचा, आणि रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून दरवेळी एखादा कपडा आणायचा.

"ही पँट मागच्या आठवड्यातच लांब करून दिली ना?"

"हो, पण... मी उंच झालो."

"बत्तिसाव्या वर्षी?"

"उशिराच वाढतोय," तो गंभीरपणे म्हणाला. तिने मान खाली घातली ती टाचण्या शोधायला नव्हे, हे आपल्याला सांगायला हरकत नाही.

मग एका दुपारी तो आला, पण कपडा न आणता. चेहरा उतरलेला. "कंपनी तयार झाली. पण आठवड्याला वीस तास भरणाऱ्यांनाच... तुमचे किती?"

"अठरा."

शेजारच्या गल्ल्यावर बसणाऱ्या मावशी युनियनच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, दुकान उघडायच्या आधी अर्धा तास येतेस, तो धरलास का?"

"तो कुठे मोजतात, मावशी?"

"मग मोजायला लाव की! तोंड काय फक्त आम्हाला बोलायला दिलंय?"

दुसऱ्या दिवशी ती मावशींना घेऊन मॅनेजरसमोर बसली.

"त्या अर्ध्या तासात असं काय करता?" मॅनेजरने विचारलं.

"मशीन पुसते, तेल घालते, बॉबिनी भरते, आदल्या दिवशीच्या कपड्यांवर खडूच्या खुणा करते, इस्त्री तापवते." तिने श्वास घेतला. "साहेब, उद्यापासून मी दुकान उघडल्यावरच येते. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मग इस्त्री तापायला ठेवते. चालेल?"

मॅनेजरने मावशींकडे पाहिलं, मग छताकडे. अठरात तीन मिळवून एकवीस झाले आणि त्याच आठवड्यात करारावर सह्या झाल्या.

सह्या झाल्याचं कळलं तशी ती जिन्यावर जाऊन बसली आणि घळाघळा रडली. किती महिन्यांचं ओझं होतं, ते उतरल्यावर समजलं. मावशी शेजारी टेकल्या. "जुन्या दुखण्यालाही पहिल्या दिवसापासून विमा लागू... त्या कलमावर आपला चिटणीस अडून बसला होता हो. मी म्हटलं, सोड बाबा, ताणलं की तुटतं. तर म्हणे, नाही म्हणजे नाही. कोणासाठी ते मात्र बोलला नाही."

ऑपरेशन झालं. टाके काढायला निघाली तर तो दवाखान्याच्या दारात हजर, इस्त्रीचा शर्ट घालून. "युनियनतर्फे आलोय," म्हणाला आणि तिच्यामागोमाग आत आला.

डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं. बोटांची टोकं एकेक करून कापूस लावून तपासायला लागले.

"कळतंय?"

"अंगठा."

"आता?"

"त्याच्या शेजारचं."

कापूस लागतोय ते कळत होतं! आठ महिन्यांत पहिल्यांदा. तिला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. "जरा धरा हो हे, चालू ठेवा," असं काहीसं कानावर आलं आणि पावलं दूर गेली. मग मधल्या बोटाला स्पर्श झाला. कापसाचा नाही. थोडा ओलसर.

"हा डॉक्टरांचा हात नाही," ती डोळे न उघडता म्हणाली.

"कशा... कशावरून?"

"डॉक्टरांच्या हाताला इतका घाम येत नाही. आणि युनियनच्याही नाही."

हात सुटला नाही. मग एक घाबरलेला आवाज अगदी जवळून आला.

"कळतंय?"

"अहो," टाचणी म्हणाली आणि तिने आपली पाचही बोटं त्याच्या बोटांभोवती घट्ट मिटली, "कधीचं कळतंय."