वाफवलेला झेंडू

केतकीनं गांडुळांच्या टाकीवरचं ओलं गोणपाट उचललं आणि ती तशीच उभी राहिली. उरलीसुरली गांडुळंही निपचित पडली होती, दोऱ्यासारखी बारीक झालेली. शेजारी काकडीची ताजी सालं जशीच्या तशी. आता सांगा, ताट वाढलेलं आणि पाहुणे उपाशी मेले, असं कधी होतं का?

केतकी चंद्रावरच्या वस्तीत वाढलेली. तिथे आई आजारानं गेली, तेव्हा तिला पृथ्वीवर मामाकडे, आजऱ्याजवळच्या शेतावर धाडलं. इथलं गुरुत्वाकर्षण (जमिनीकडे खेचणारं बळ) तिथल्या सहापट, त्यामुळे साधा बांध चढतानाही पोरीची दमछाक होई. येताना तिनं एकच वस्तू आणली होती. आईनं वस्तीत पाण्यावर वाढवलेल्या झेंडूचं शेवटचं फूल, बंद पिशवीत. त्याच्या बिया मातीत लावायच्या, एवढं एकच तिच्या मनात होतं. मामा म्हणाला, आधी गांडूळखत कर, मग त्यात पेर. म्हणून ही सगळी धडपड.

सुधाकरमामा मातीचा शास्त्रज्ञ. एरवी बडबड्या, पण बहीण गेल्यापासून बोलणं आटलेलं. त्यानं वाकून टाकीचा वास घेतला.

"वासच नाही गं. यांना घालत काय होतीस?"

"सालंच. पण स्वच्छ करून. पेंढा, सालं, सगळं मी वाफेच्या पेटीत घालायचे आणि गार करायचे. संध्याकाळी जुनं काढून नवं ठेवायचे. आई म्हणायची, वाफवल्याशिवाय बाहेरचं काही आत घ्यायचं नाही."

पोरीनं जीव तोडून केलं होतं, रागवायचं तरी कोणावर?

"केतू, गांडुळाला दात नसतात," मामा म्हणाला. "आधी सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे इवले जीव) साल कुजवून मऊ करतात. मग तो लगदा, सूक्ष्मजीवांसकट, गांडूळ तोंडात ओढतं आणि पोटातल्या वाळूच्या कणांनी दळतं. बाहेर पडतं ते खत. तू वाफ दिलीस, सूक्ष्मजीव मेले. नवे येऊन कामाला लागायच्या आत तू साल उचललंस."

"म्हणजे आई चुकीचं शिकवायची?"

"नाही बाळा. तिथे बंद घुमटात एक बुरशी शिरली, तर सगळ्यांची भाजी जाते. तिथे तेच बरोबर. इथे मात्र कुजणं म्हणजेच स्वयंपाक."

केतकीनं खिशातून फुलाची पिशवी काढली.

"मामा, हे पण मी वाफवलंय. निघताना. तिथला नियमच होता."

खोटं बोलावं असं मामाला क्षणभर वाटलं. पण किती दिवस झाकणार? "बी जिवंत असतं गं," तो म्हणाला. "आता नाही उगवायचं."

आई गेली तेव्हा न रडलेली केतकी तेव्हा रडली. मामाही तिच्याशेजारी टाकीच्या कठड्यावर बसून रडला. डोळे पुसायची घाई दोघांनीही केली नाही.

मग मामा सवयीनं तळचा पेंढा चाळू लागला आणि थांबला. त्याच्या बोटावर मोहरीहून थोडे मोठे, पिवळसर दाणे होते.

"कोष (गांडुळाच्या अंड्यांची पिशवी). एकेकातून दोन-तीन पिल्लं निघतील."

"त्यांची आई तर मेली."

"हो."

"मग त्यांना खायला कोण शिकवणार?"

"कोणी नाही. भोवती मऊ झालेलं खाणं असलं की त्यांचं ती शिकतात."

केतकीनं पिशवी उघडली. फुलाचा वास केव्हाच उडाला होता. मामानं सूक्ष्मजीवांसाठी बादलीत शेण कालवून आणलं. त्यात बुडवून तिनं एकेक पाकळी कोषांजवळ ठेवली, त्या न उगवणाऱ्या बियाही ठेवल्या आणि वर ओला पेंढा पांघरला.

"यांचं खत होईल ना, त्यात इथला झेंडू लावू," मामा म्हणाला. "दसऱ्याला फुलेल."

केतकीनं मान हलवली. गोणपाट सारखं करता करता तिनं हळूच विचारलं, "मामा, लवकर कुजेल ना?"