अर्धं वाक्य तुझं

त्या दोघांनी मिळून पूर्ण केलेलं पहिलं वाक्य कोंबडीबद्दल होतं. म्हणजे कोंबडीशिवाय वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाबद्दल.

जपानमधल्या मात्सुए गावच्या विज्ञान भवनात दर शनिवारी दुपारी गप्पा रंगायच्या. कोणीतरी पाहुणा यायचा, नव्या शोधांबद्दल, यंत्रांबद्दल, इंटरनेटवरच्या खुळांबद्दल बोलायचा आणि मग चहा पीत ज्याला जे वाटेल ते तो ठोकून द्यायचा. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी फुमिनो ते सगळं बोलणं तिथल्या तिथे टाइप करायची आणि अक्षरं समोरच्या भिंतीवर उमटायची. जीभ बोटांपेक्षा वेगात पळते, म्हणून हे काम जोडीनं करायचं – एकानं वाक्याचं डोकं धरायचं, दुसऱ्यानं शेपूट. त्या शनिवारी फुमिनोची नेहमीची जोडीदारीण तापानं आडवी झाली होती. तिच्या जागी आला एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण, हातात निथळणारी छत्री घेऊन.

"मी काजितानी. काजितानी इबुकी," तो वाकून म्हणाला. "मी तुमच्या डावीकडे बसलो तर चालेल? तिकडून माझी बोटं जरा शहाण्यासारखी वागतात."

गप्पा सुरू झाल्या. फुमिनोनं टाइप केलं, "या मांसासाठी एकही कोंबडी", आणि तिचा श्वास संपायच्या आत त्यानं पुढे जोडलं, "मारावी लागत नाही." सांधा कुठे दिसलाच नाही!

दोघांच्या पडद्यांवर तळाशी एक छोटी चौकट असायची. ती भिंतीवर दिसत नसे, एकमेकांना खुणा करण्यापुरती होती. 'नाव तपासा', 'आकडा चुकला', एवढंच तिथे लिहायचं. त्या चौकटीत आता अक्षरं उमटली – 'पण कोंबडीला कोणी विचारलं का?'

फुमिनोनं ओठ घट्ट मिटले. 'कामाकडे लक्ष द्या.'

'देतोय. तुमची बोटं फार पळतात हो. मागे कुत्रा लागलाय का?'

'नाही. डावीकडे एक माणूस लागलाय.'

तो हसला – अगदी आवाज न करता, नुसते खांदे हलवून. ते हलणारे खांदे फुमिनोला घरी पोहोचेपर्यंत दिसत राहिले.

पहिल्या रांगेत हात्सुए-सान बसायच्या. जन्मभर केस कापायचं दुकान चालवलेल्या, तिशीतच ऐकू येणं गेलेल्या, आणि आता सत्तरीत मांजरांचे फोटो इंटरनेटवर टाकून शेकड्यांनी चाहते जमवलेल्या. गप्पा संपल्यावर त्या फुमिनोजवळ आल्या आणि त्यांच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आज अक्षरं कशी लोण्यासारखी होती! या नव्या मुलाला सोडू नकोस. केस तेवढे कापून घ्यायला सांग."

सगळ्या सभागृहानं ते ऐकलं. फुमिनोचे कान लाल झाले.

मग दर शनिवारी तोच येऊ लागला. आणि दर शनिवारी, गप्पा संपल्यावर, कालव्याकाठच्या सोबाच्या, म्हणजे शेवयांच्या, दुकानात त्यांच्या वेगळ्या गप्पा सुरू व्हायच्या.

"उडणाऱ्या मोटारी कधीच येणार नाहीत," फुमिनो म्हणायची.

"का?"

"माझा मामा जमिनीवरच नीट चालवत नाही. त्याला हवेत कोण सोडेल?"

"बरं. आणि जेवण आणून देणारा रोबोट?"

"तो मला आवडतो. वाट सोडली की 'आभारी आहे' म्हणतो. तू कधी म्हणालास?"

"मी तुझी वाट कधी अडवली?"

"रोज अडवतोस," ती म्हणून गेली... आणि मग सुपाच्या वाटीतल्या शिंपल्यांकडे बघत बसली.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. मात्र एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती. ती बोलायला लागली की इबुकीची नजर तिच्या ओठांवर येऊन थांबायची. हलायचीच नाही. कोणी इतकं टक लावून बघावं, असं फुमिनोच्या आयुष्यात पूर्वी झालं नव्हतं. शनिवारी सकाळी ती आरशासमोर जरा जास्त वेळ घालवू लागली.

एकदा तर गंमतच झाली. सामान पोहोचवणाऱ्या ड्रोनबद्दल कोणी तावातावानं बोलत होतं, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत उमटलं – 'उद्या केस मोकळे सोडशील?' इबुकीची चौकट चुकली होती. सभागृहात हास्याचा स्फोट झाला. हात्सुए-सान खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होत्या. इबुकीनं चेहरा दोन्ही हातांनी झाकला, आणि फुमिनोनं पुढची ओळ शांतपणे टाइप केली – 'विचार करू.' तीही भिंतीवरच.

दुसऱ्या दिवशी, तळ्याकाठी, तिचे केस मोकळे होते. वारा ते सारखे तोंडावर आणत होता आणि इबुकी सारखा ते बाजूला करत होता.

"राहू दे ना," ती म्हणाली.

"नाही... मला दिसलं पाहिजे," तो म्हणाला.

तिला वाटलं, यापेक्षा गोड आपल्याला कोणी काही म्हटलेलं नाही.

जानेवारीत बर्फ पडायला लागलं तेव्हा एक तरुण संशोधिका आली. वृद्धांची काळजी घेणाऱ्या यंत्रांवर बोलणार होती. आवाज अगदी मऊ, आणि तोंडावर सर्दीचा मास्क. शेवटाकडे ती म्हणाली, "यंत्र औषध देईल, उचलून बसवेल. पण शेवटी माणसाला हवा असतो तो एक हात."

फुमिनोनं टाइप केलं, "पण शेवटी माणसाला हवा असतो तो". आणि भिंतीवर पुढे उमटलं, "वाडगाभर भात."

लोक पोट धरून हसले. संशोधिकाही हसली, म्हणाली, तेही खरंच आहे. इबुकी मात्र गोंधळून सगळ्यांकडे बघत होता. आपण काय लिहिलं ते त्याला माहीत होतं. त्यात हसण्यासारखं काय, ते कळत नव्हतं.

हात्सुए-सान हसल्या नाहीत. जाताना छत्र्यांच्या घडवंचीपाशी त्यांनी फुमिनोचा हात धरला. या वेळी त्या चक्क हळू आवाजात बोलल्या.

"माझंही असंच सुरू झालं होतं, पोरी. गिऱ्हाईक म्हणायचं, थोडे कापा. मी सगळेच कापायचे."

फुमिनोला एकेक आठवत गेलं. डावीकडची खुर्ची. टक लावून बघणं. 'मला दिसलं पाहिजे.' तिचे पाय सोबाच्या दुकानाकडे वळले खरे, पण प्रत्येक पावलाला तिच्या आतलं काहीतरी गळून पडत होतं.

इबुकी नेहमीच्या जागी बसला होता. ती समोर बसली आणि तिनं मुद्दाम हाताचा पंजा तोंडासमोर धरून विचारलं, "सोबा गरम मागवायचा की थंड?"

त्यानं तिच्या पंजाकडे नुसतं बघितलं. मग म्हणाला, "कळलं तर तुला."

मग त्यानं सगळं सांगितलं. आईकडून आलेलं दुखणं होतं, त्याच्या मामालाही होतं. डावा कान केव्हाच गेला होता, उजवा हळूहळू मिटत होता. पुढे आपल्याला अक्षरांवरच जगायचंय, मग अक्षरं आधीच शिकून घेऊ, म्हणून तो या कामात आला होता.

"म्हणजे माझ्या ओठांकडे तू..." तिनं पंजा खाली घेतला.

"दोन्ही कारणं होती," इबुकी म्हणाला. "पहिल्या शनिवारी एकच होतं. दुसरं नंतर आलं. मग ते इतकं वाढलं, की कधी कधी तू काय बोललीस ते कळायचंच नाही."

ती रडता रडता हसली. पण त्या दिवसापासून फुमिनो बदलली. तिचं तिलाही कळलं नाही, इतकी हळूच. ती त्याच्याकडे तोंड करूनच बोलायची. सावकाश, एकेक शब्द सुटा करून. रस्त्यात सायकल आली की त्याची बाही ओढायची. भिंतीवरच्या वाक्यांचं डोकंही तीच टाइप करायची आणि शेपूटही. तळाची छोटी चौकट आता रिकामी असायची.

फेब्रुवारीत भवनाच्या लोकांनी सांगितलं, की एप्रिलपासून अक्षरांचं काम यंत्रच करेल. फुमिनोला वाईट वाटलं. इबुकीला नाही.

"बरंच झालं," तो म्हणाला. "यंत्र दमत नाही, त्याला ताप येत नाही. हात्सुए-सानना आता भवनातलं रोजचंच बोलणं वाचता येईल, फक्त शनिवारचंच का? आणि ते माझ्याहून कमी चुका करतं. भात तरी नाही वाढत."

"तुला सगळ्याची चेष्टाच सुचते," असं ती पूर्वी म्हणाली असती. आता ती फक्त मायेनं हसली. तो तिच्या त्या हसण्याकडे बघत राहिला. मग त्यानं तिला तळ्याकाठी नेलं.

"मी फुकुओकाला चाललोय. थोरल्या बहिणीकडे," तो म्हणाला. "तिथे शस्त्रक्रिया करून कानाच्या आत यंत्र बसवतात. आवाज येतील, पण आत्तासारखे नाही. डॉक्टर म्हणतात, सुरुवातीला सगळी माणसं बदकांसारखी बोलतात. महिनोन्‌महिने शिकावं लागतं. आणि माझं जे थोडं उरलंय, तेही कदाचित त्यात जाईल."

"मी येते तुझ्याबरोबर."

"नको."

"इबुकी, मी... तुला... सांभाळीन."

"बघ, कशी बोललीस!" तो तळ्याकडे वळला. "एकेक शब्द उचलून ताटात वाढल्यासारखा. जानेवारीपासून तू माझ्याशी एकदाही भांडली नाहीस, फुमिनो. मला तुझ्या मामाची मोटार हवी होती. तुझे टोमणे हवे होते. मला सांभाळणारी नको होती... तू माझ्याशी फार चांगलं वागायला लागलीस."

तिला ओरडून सांगायचं होतं, की हे खोटं आहे. पण ते खरं होतं. आणि ओरडतानासुद्धा आपण तोंड त्याच्याकडेच करणार, हेही तिला माहीत होतं.

"आधी मला त्या बदकांबरोबर राहायला शिकू दे," तो म्हणाला. "कोणाची वाट बघू नकोस. माझी तर नकोच." आणि जरा थांबून, "आज फक्त बोल. काहीही. मला ऐकून ठेवायचंय."

काय बोलायचं? आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं टाइप करणाऱ्या मुलीला एकही वाक्य सुचेना. मग ती त्याच्या उजव्या कानाशी टेकून, सुचेल ते बडबडत राहिली. मंगळावर राहायला जाणारी माणसं वेडी आहेत, तिथे सोबाचं दुकान नाही. घरातल्या झाडूवाल्या रोबोटला नाव ठेवू नये, नाहीतर तो बिघडल्यावर टाकवत नाही. इंटरनेटवर माणसं भांडतात, कारण तिथे कोणी कोणाला चहा देत नाही. तो डोळे मिटून ऐकत होता. तळ्यावरचं ऊन कधी उतरलं ते तिला दिसलं, त्यानं पाहिलं नाही.

मार्च संपता संपता ती त्याला स्टेशनवर सोडायला गेली. ओकायामाची गाडी फलाटावर उभी होती, तिथून पुढे त्याला फुकुओकाची धरायची होती. भोंगे, घोषणा, शाळेच्या मुलांचा कलकलाट. एवढ्या गोंगाटात त्याला काहीच ऐकू येणार नव्हतं. त्यानं खिशातून फोन काढला, बोललेलं अक्षरांत उतरवणारं साधन सुरू केलं आणि दारात उभं राहून फोन तिच्यापुढे धरला.

"बोल. आता हाच माझा जोडीदार."

"अगदी शोभतो तुला," ती म्हणाली. "दोघांनाही केस कापायची अक्कल नाही!"

पडद्यावर वाचून त्याचे खांदे हलले. ते बघून फुमिनोला कुठून धीर आला कोण जाणे. ती मुद्दाम बाजूला, रुळांकडे बघायला लागली. आणि पूर्वी बोलायची तशी, एका दमात, शब्दांत शब्द अडकवत बोलून मोकळी झाली – "तू मला आवडतोस, गाढवा."

घोषणा मध्येच कडाडली. इबुकी पडद्याकडे बघत होता. बघतच राहिला. फुमिनोनं हळूच डोकावलं. तिथे लिहिलं होतं – 'तू मला आठवतोस.'

त्यानं मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, पण ओठांच्या कोपऱ्यात ते जुनं हसू होतं.

"आत्तापासूनच?" त्यानं विचारलं.

तिचं बोट पडद्याकडे गेलं. एक शब्द पुसायचा, एक लिहायचा. असले चुकलेले शब्द तिनं आजवर हजारोंनी दुरुस्त केले होते. पण बोट मध्येच थांबलं. तिनं हात मागे घेतला आणि मान डोलावली.

"हो," ती म्हणाली. "आत्तापासूनच."

दारं मिटली. गाडी हलली, आणि काचेवर पावसाचे थेंब तिरके पळायला लागले.